शुक्राचा ताईत आणि बौद्धाचे लग्न



लग्नसराई जवळ आली की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हळू आवाजात विचारला जाऊ लागतो. तो असा की, "यंदा शुक्राचा अस्त केव्हा आहे?" ज्या घराच्या भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आहे, ज्या घरातील वडीलधाऱ्यांनी बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आहेत, त्याच घरात हा प्रश्न निघतो आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी खुंटीवरचे पंचांग खाली उतरते. हा दोष एकट्या पाचोरा तालुक्याचा आहे असे नव्हे. परंतु दुसऱ्यांच्या गावाकडे बोट दाखविण्याआधी आपल्या गावाचे अंगण झाडावे, म्हणून पाचोऱ्याचेच नाव घेऊन हे लिहीत आहे.

या रोगाची दुसरी बाजू अधिक चोरटी आहे. ज्याचे लग्न जमत नाही, ज्याचा संसार मोडू पाहतो, ज्याच्या मनातील मुलगी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, त्याला कोणीतरी सांगतो की, तुझ्या पत्रिकेत शुक्र दुर्बळ आहे. मग चांदीच्या अंगठीत पांढरा खडा बसविला जातो, शुक्रवारचे उपवास धरले जातात, भूर्जपत्रावर यंत्र लिहून त्याचा ताईत दंडाला बांधला जातो. याच्याही पुढची पायरी वशीकरणाची. एस. टी. स्थानकाच्या भिंतीवर व रेल्वेच्या डब्यात चिकटविलेल्या, 'हमखास वशीकरण' करून देणाऱ्या जाहिराती आपण सर्वांनी वाचल्या आहेत. त्या फाडून टाकणारे थोडे; त्यांवरील क्रमांक गुपचूप टिपून घेणारे बरेच.

वाचकहो, याला केवळ भाबडेपणा म्हणून सोडून देता येणार नाही. शुक्राचा अस्त पाळणारा आणि शुक्राचा ताईत बांधणारा बौद्ध आपले दोन हक्क स्वतःच्या हाताने गमावून बसतो. चातुर्वर्ण्यातून मुक्त असण्याचा हक्क हा पहिला, आणि स्त्रीने व पुरुषाने आपला जोडीदार निवडण्याचा वा नाकारण्याचा हक्क हा दुसरा. हे कसे, ते क्रमाने पाहू.

प्रथम शुक्र म्हणजे काय ते पाहू. आपल्या शेतकऱ्यास आणि शेतमजुरास शुक्राची चांदणी पत्रिकेतून ठाऊक नाही. ती त्याला पहाटेतून ठाऊक आहे. चांदणी उगवली की उठावे, बैल जुंपावे, कापसाची गाडी बाजाराच्या वाटेला लावावी, हा तिचा खरा उपयोग आपल्या बापजाद्यांनी केला. हाच ग्रह कधी पहाटे पूर्वेस, तर कधी सायंकाळी पश्चिमेस दिसतो. सूर्याच्या फार जवळ आला म्हणजे त्याच्या तेजात दिसेनासा होतो. या दिसेनासे होण्यालाच अस्त म्हणतात. सुमारे ५८४ दिवसांच्या फेऱ्यात असे दोनदा घडते. एकदा शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातो, तेव्हा थोडे दिवस. आणि एकदा तो सूर्याच्या पलीकडे जातो, तेव्हा दोन महिन्यांच्या आसपास. दिव्यासमोर धरलेला काजवा दिसत नाही म्हणून काजवा मेला असे कोणी म्हणत नाही. दिनांक ६ जून २०१२ रोजी तर सूर्योदयापासून काही तास हा 'अस्त' पावलेला ग्रह सूर्याच्या बिंबावरून एका लहानशा काळ्या ठिपक्यासारखा सरकताना भारतातून पाहावयास मिळाला. त्या दिवशी कोणा पतीचे पत्नीवरील प्रेम आटले नाही.

मनुष्याची याने शुक्राजवळ जाऊनही आता साठ वर्षे लोटली आहेत. १४ डिसेंबर १९६२ रोजी 'मरिनर २' हे अमेरिकेचे यान त्याच्या जवळून गेले. १९७० च्या डिसेंबरात 'व्हेनेरा ७' हे रशियाचे यान त्याच्या भूमीवर उतरले व तेथून त्याने तापमान कळविले. सौंदर्याचा आणि प्रणयाचा म्हणून ज्याची आराधना होते, तो ग्रह शिसे वितळेल इतका तापलेला आहे. तेथील हवा जवळजवळ सर्वच कर्बवायूची आहे, तेथील ढग गंधकाच्या तेजाबाचे आहेत, आणि हवेचा दाब आपल्या येथल्याच्या सुमारे नव्वद पट आहे. जो ग्रह स्वतःच्या अंगावर गवताची काडी उगवू देत नाही, तो पाचोऱ्याच्या एका पोराच्या लग्नात विघ्न आणतो किंवा सौख्य पेरतो, असे मानावयास कारण काय?

कारण एकच, परंपरा. आता ही परंपराही एकमुखी नाही. बाबिलोनच्या लोकांनी या ग्रहाला इश्तार देवी मानले. रोमनांनी त्याला व्हीनस ही प्रणयाची देवता मानले. आपल्याकडे मात्र तो पुरुष, दैत्यांचा गुरू शुक्राचार्य. बळीराजाने वामनाला भूमिदान देऊ नये म्हणून झारीच्या तोटीत शिरून बसलेला आणि दर्भाच्या टोकाने एक डोळा गमावलेला शुक्राचार्य तो हाच! एकाच ग्रहाला एक देश सुंदर तरुणी म्हणतो आणि दुसरा देश एकाक्ष ब्राह्मण म्हणतो. मग लग्नाशी त्याचा संबंध आपल्याकडे आला कोठून? संस्कृतात शुक्र या शब्दाचा एक अर्थ तेजस्वी, शुभ्र. दुसरा अर्थ रेत. शब्दाच्या या दुहेरी अर्थाने त्याला विवाहाच्या गादीवर बसविण्यास हातभार लावला असला पाहिजे. शब्दाच्या श्लेषावर संसार उभारावा काय, याचा विचार वाचकांनी करावा.

आता त्या ताइतातील यंत्राचे गूढ उकलू. शुक्राचे म्हणून जे यंत्र दिले जाते, त्यात नऊ घरे असतात. पहिल्या ओळीत ११, ६, १३. दुसरीत १२, १०, ८. तिसरीत ७, १४, ९. उभी, आडवी किंवा तिरपी कशीही बेरीज केली तरी ३० येते, आणि अडाणी मनुष्य चकित होतो. परंतु सूर्याचे यंत्र समोर ठेवा: ६, १, ८, ७, ५, ३, २, ९, ४. त्याची बेरीज १५. त्यातील प्रत्येक आकड्यात पाच मिळविले की झाले शुक्राचे यंत्र! एक मिळविला तर चंद्राचे होते, सहा मिळविले तर शनीचे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील चौथीचा विद्यार्थी पाटीवर जे पाच मिनिटांत करील, त्यासाठी मजुराने आपल्या घामाचा पैसा का द्यावा? गंमत अशी की युरोपातील मांत्रिकांनी याच शुक्राला एकोणपन्नास घरांचे यंत्र दिले, त्याची बेरीज १७५; आणि नऊ घरांचे १५ बेरजेचे यंत्र त्यांनी शनीला दिले. आपल्याकडचा सूर्य तिकडचा शनी झाला! यंत्रात शक्ती असती तर ती समुद्र ओलांडताच मालक बदलती ना.

येथपर्यंतची गोष्ट हसण्यावारी नेता येईल. यापुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

वराहमिहिराचा 'बृहज्जातक' हा फलज्योतिषाचा मान्य ग्रंथ आहे. त्यात ग्रहांना वर्ण वाटून दिले आहेत. शुक्र आणि गुरू ब्राह्मणांचे, मंगळ आणि सूर्य क्षत्रियांचे, चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा आणि शनी अंत्यजांचा! बंधूंनो, ज्यांनी गावाच्या वेशीबाहेर आपली घरे ठेवली, त्यांनी आकाशातही आपल्याला वेशीबाहेरच ठेवले. मंगल तेवढे ब्राह्मणाचे. ज्याच्या नावाने लोक घाबरतात, ज्याची पीडा टळावी म्हणून तेल ओततात, तो ग्रह अंत्यजांचा. पत्रिका जुळविताना जे छत्तीस गुण पाहतात, त्यांतील पहिले कूट कोणते? 'वर्ण'. वधूचा वर्ण वराच्या वर्णाहून वरचा नसावा, हा त्याचा नियम. राशींनाही त्यांनी चार वर्णांत विभागले आहे. ज्या मराठी भाषेत छत्तीसचा आकडा म्हणजे वैर, त्याच भाषेत छत्तीस गुण म्हणजे सौख्य, हा विनोद असू द्या. परंतु ज्याने १४ ऑक्टोबर १९५६ नंतर चातुर्वर्ण्याचा त्याग केला, त्याच्या मुलाची पत्रिका 'वर्ण' या रकान्यापासून सुरू व्हावी, हा विनोद नव्हे. दाराने हाकललेले चातुर्वर्ण्य चांदीच्या ताइतात बसून खिडकीने परत येते ते असे.

कोणी म्हणेल की, ज्योतिषाचे गणित तर खरे ठरते, ग्रहणे वेळेवर लागतात, मग फळ खोटे कसे? या शंकेचे उत्तर आपल्या खानदेशातच आहे. पाचोऱ्याहून मुंबईच्या बाजूस रेल्वेने निघालात की नगरदेवळा, कजगाव मागे टाकून चाळीसगाव येते. तेथून जवळच डोंगराच्या पायथ्याशी पाटण, म्हणजे पाटणादेवीचे ठिकाण. तेथील शके ११२८ मधील, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखाचा शोध डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात लावला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा राजज्योतिषी होता; भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन झाला, असे तो लेख सांगतो. शुक्राची गती मोजणारे ते गणित खरे होते, यात शंका नाही, आणि त्याबद्दल त्या गणितज्ञास मान देण्यात आपल्याला कमीपणा नाही. परंतु त्याच भास्कराचार्यांविषयी जी दंतकथा आहे ती पाहा. आपल्या कन्येचे, लीलावतीचे, वैधव्य टाळण्यासाठी त्यांनी अचूक मुहूर्त काढला, घटिकापात्र मांडले, पण मुलीच्या अलंकारातील मोती त्यात पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. ही कथा १५८७ साली फैजीने केलेल्या 'लीलावती'च्या फारसी अनुवादात आलेली आहे. ती इतिहास नव्हे, हे खरे. तथापि तिचा मथितार्थ ध्यानात घ्या. मुहूर्त बुडाला, गणित तरले. ग्रह कोठे आहे हे सांगणे ही विद्या. तो तुमचे काय करील हे सांगणे हा धंदा. विद्या आपल्यापासून शतकानुशतके राखून ठेवण्यात आली आणि धंद्याचे गिऱ्हाईक मात्र आपल्याला करण्यात आले. महारवाड्यात ज्याचे पाऊल पडत नसे, त्याच्याच ओट्याखाली दूर उभे राहून आपल्या आजोबा-पणजोबांनी लग्नाची तिथी विचारावी, अशी ती व्यवस्था होती.

फळ सांगण्याची परीक्षा आपल्या महाराष्ट्रातच २००८ साली झालेली आहे. शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांसह, हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतील प्रत्येकी शंभर, एकूण दोनशे पत्रिका जमविल्या व त्यांतील काही ज्योतिषांना पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांचे यश सरासरी शेकडा ४६ निघाले. नाणे उडवून ठरविले असते तरी शेकडा ५० च्या जवळपास उत्तरे बरोबर आली असती! बुद्धी आणि मतिमंदत्व यांतील भेद ज्यांना पत्रिकेतून दिसत नाही, त्यांना दोन माणसांच्या हृदयातील स्नेह कसा दिसावा?

भगवान बुद्धांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, ज्या हीन विद्यांवर पोट भरणे श्रमणाने वर्ज्य करावे, त्यांची यादी आहे. ग्रहनक्षत्रांची भाकिते त्या यादीत आहेत. विवाहाचे मुहूर्त काढणे त्या यादीत आहे. इतकेच नव्हे, तर मंत्राने कोणाला प्रिय वा अप्रिय करणे, म्हणजे आजचे वशीकरणच, हेही त्या यादीत आहे. जातककथांतील नक्खत्त जातकही पाहावे. एका कुटुंबाने लग्नाचा दिवस ठरविला आणि मग आपल्या कुलगुरू आजीवकाला विचारले. आधी विचारले नाही म्हणून तो रागावला आणि आज नक्षत्र अशुभ आहे असे त्याने सांगितले. वराकडची मंडळी गेलीच नाहीत. वधूकडच्यांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या योग्य वरास दिली. नक्षत्राने काही बिघडविले नाही, ज्योतिषाच्या अहंकाराने बिघडविले. आजही 'काढीव मुहूर्त' निघतातच. अस्त असतानाही कार्यालय रिकामे मिळाले आणि दक्षिणा बरी असली की वाट सापडते. जे पैशाने वाकते, ते निसर्गाचे नियम नव्हेत.

आता दुसऱ्या हक्काकडे वळू. वशीकरण म्हणजे काय? ज्या व्यक्तीने होकार दिलेला नाही, तिचे मन तिच्या इच्छेविरुद्ध आपल्या ताब्यात यावे, ही इच्छा. मंत्राने ते साधत नाही, हे आपले भाग्य. परंतु ही इच्छाच शीलाच्या विरुद्ध आहे. जो समाज 'आम्हांला कोणाच्या वशात राहावयाचे नाही' असे म्हणून उठला, त्या समाजातील तरुणाने एका मुलीला वश करू पाहावे? तिचा नकार हाही तिचा हक्क आहे. तो मान्य करण्याचे सामर्थ्य म्हणजेच पुरुषार्थ. आणि भगिनींनो, पतीचे व्यसन किंवा पतीचा छळ शुक्राच्या व्रताने थांबेल या आशेवर जी भगिनी वर्षे घालविते, तिला आपण ताईत देऊ नये, आधार द्यावा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा तिला समजावून सांगावा.

जेथे दोघांचीही मने जुळलेली आहेत आणि तरी लग्न अडते, तेथे आडवा कोण येतो? तेथे जात येते, हुंडा येतो, भाऊबंदांचा धाक येतो. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी याच चाळीसगावी बाबासाहेब उतरले, तेव्हा अस्पृश्याला टांग्यात बसविण्यास टांगेवाले तयार होईनात. महारवाड्यातील लोकांनी टांगा मिळविला, पण हाकणारा नवखा होता, आणि त्या अपघातात बाबासाहेब जबर जखमी झाले. ती वाट कोणत्या ग्रहाने अडविली होती? ती माणसांनी अडविली होती, आणि माणसांनी अडविलेली वाट माणसांनीच मोकळी करावयाची असते. जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात प्रतिपादिले. त्या उपायाच्या आड पत्रिका येते, म्हणून ती फाडावयाची. केवळ ती खोटी आहे एवढ्याचसाठी नव्हे.

कायदा आपल्या बाजूस आहे, पण तो सर्वस्वी पुरेसा नाही, हेही जाणून असावे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणत्याही जातिधर्माच्या सज्ञान स्त्रीपुरुषांस नोंदणी पद्धतीने विवाह करता येतो. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या विवाहास कुटुंबाची, जमातीची वा पंचांची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट केले. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरे करण्याच्या आणि कामशक्ती वाढविण्याच्या जाहिरातींस १९५४ च्याच दुसऱ्या एका कायद्याने बंदी आहे. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला; त्यात सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे, आणि दैवी शक्तीच्या बतावणीने स्त्रियांचा गैरफायदा घेणाऱ्या भोंदूंवर त्याचा आधार घेता येतो. मात्र ज्योतिषाचा साधा सल्ला त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. म्हणजे पंचांग बंद करण्यास पोलीस येणार नाही. ते आपल्यालाच मिटावे लागेल.

मिटून करावयाचे काय? ४ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहविधी सांगितला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, वधूवरांनी दोन टोके धरलेला सुताचा धागा, शुभ्र वस्त्रे आणि मंगलसुत्ताचे पठण. त्यात मुहूर्त नाही, ग्रह नाही, आणि कर्ज काढावे लागेल असा खर्चही नाही. खरे मंगल कोणते, या प्रश्नाला मंगलसुत्तात जे उत्तर आहे, त्यात आईबापांची सेवा आहे, पत्नी व मुलांचा सांभाळ आहे; शुक्राचे नाव नाही. सिगालोवाद सुत्तात तर तथागतांनी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणाला त्या दिशा म्हणजे कोण हे समजाविले. ज्या पश्चिमेला आपण सायंकाळी शुक्राची चांदणी पाहतो, ती पश्चिम दिशा म्हणजे पत्नी, असे त्यांनी सांगितले. तिचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी प्रामाणिक राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे, अशी पाच कर्तव्ये पतीची. आणि पत्नीचीही कर्तव्ये त्याचबरोबर. बौद्धाने पश्चिमेकडे पाहून करावयाची पूजा ती एवढीच.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक विहाराने लग्नसराईपूर्वी एक बैठक घ्यावी आणि त्यात वधूवरांना समोर बसवून त्यांची संमती त्यांच्याच तोंडून ऐकावी. पत्रिकेऐवजी दोघांचे वय, शिक्षण, आरोग्य आणि व्यसन पाहावे. लग्नाचा दिवस पाहुण्यांची सोय, शेतीची कामे आणि मुलांच्या परीक्षा पाहून ठरवावा. शुक्राच्या अस्तात कार्यालय स्वस्त मिळत असेल तर तोच दिवस घ्यावा. विवाहाची नोंदणी लगेच करावी. त्या अर्जात ग्रहाचा रकाना नाही आणि वर्णाचाही नाही. ताईत बांधलेला तरुण दिसला तर त्याची टर उडवू नये. त्याचे दुःख विचारावे, आणि मग ते नऊ आकडे पाटीवर मांडून त्यालाच बेरीज करावयास लावावी.

शुक्राची चांदणी सुंदर आहे. ती पाहण्यास कोणाची ना नाही. पहाटे ती पाहून कामाला लागणारा आपला पूर्वज तिला भीत नव्हता, तिच्याकडे काही मागत नव्हता. तिच्या वेळेने तो उठत होता, एवढाच त्याचा तिच्याशी संबंध. तेवढाच आपणही ठेवावा, आणि उठावे.

जय भीम!